अनशीला महाडहून आणायला गेलो

लोक काशीला जातात, अष्टविनायक करतात आणि आल्यावर आपल्या मंडळाच्या अंकात लिहितात. मी महाडला गेलो. आमच्या डोंगरातल्या वाडीपासनं महाड लांब नाही. सकाळी निघालेला माणूस बाजार करून दिवेलागणीला घरी येतो. मला तीन दिवस लागले. आणि जे बघून आलो ते वाडीत कुणी बघितलेलं नाही, काशीवाल्यांनीसुद्धा नाही. म्हणून पुतण्या मागं लागला, "आबा, लिवा." माझी शाळा चौथी. चुकलं असेल तर त्याला धरा.

का गेलो ते आधी सांगतो. माझी बायको अनसूया, आम्ही अनशी म्हणायचो, ज्येष्ठात गेली. गालाच्या आत गाठ झाली होती. जन्मभर मशेरी लावली, सकाळ-संध्याकाळ, भाजलेल्या तंबाखूची. मी सांगून दमलो. दोन वर्षांमागं वाडीत जीप आली होती. त्यातनं एक मॅडम उतरल्या, बायकांची तोंडं उघडून बॅटरीनं बघितली, आणि अनशीच्या गालातनं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून नेला. पुढं मुंबई झाली, दवाखाने झाले, ते लिहीत नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. दोन तास नदीत उभे राहिलो. नातवंडांची शपथ घेतली, मशेरीची डबी पिंडाशेजारी ठेवली, सगळं केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून भटजींनी उरकलं. घरी आल्यावर मेहुणी कमळी म्हणाली, "भाऊजी, ताईचा तुकडा तिकडं म्हाडात बाटलीत पडलाय. ती आख्खी गेलीच नाय, तर कावळा कसा शिवंल?"

मी कमळीला वेड्यात काढली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. जेवायला बसलो की वाटायचं, अर्धवट काम आहे. सुताराला अर्धवट काम ठेवून झोप येत नाही. शेवटी आश्विनात ठरवलं की तो तुकडा आणायचा आणि सावित्रीत सोडायचा, म्हणजे विषय संपला.

पोलादपूर

कशेडी घाटात दरड आली होती. हे मला वाडीत कुणी सांगितलं नाही. पोलादपुरात उतरतो तर रस्त्यावर ट्रकच ट्रक. खेडकडनं येणारी एकही एसटी नाही. ड्रायव्हर लोक रस्त्यात चुली मांडून बसलेले. हॉटेलात वडा संपला, पाव संपला, चहाला दूध नाही. मालकाला विचारलं, आहे काय? म्हणाला, "पाणी हाय."

आधी सरकारी दवाखान्यात गेलो, म्हटलं मॅडमचा पत्ता तरी मिळेल. खिडकीत बसलेल्या इसमाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पेशंट कुठाय?"

"वारली."

"मग मृत्यूचा दाखला पाहिजे का?"

"दाखला नको. तुकडा पायजे."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला हाक मारली. शेजारच्यानं तिसऱ्याला मारली. तिघं मिळून माझ्याकडं बघत बसले. तिसऱ्याला माहीत होतं: तो कार्यक्रम आमचा नव्हे, पुण्याच्या संशोधनवाल्यांचा, त्यांची जागा महाडला, बाजारामागं दोन खोल्या. एवढं सांगायला दीड तास घेतला. वर म्हणाला, "बाबा, अर्ज लिहून न्या. अर्जाशिवाय कोण तुकडा देत नाय." जशी काय रोज माणसं तुकडे मागायला येतात.

दुपारपर्यंत एसटी आलीच नाही. शेवटी कौलं नेणाऱ्या एका टेम्पोत मागं बसलो. महाड येईपर्यंत धोतर, टोपी, मिशी, सगळं एका रंगाचं झालं.

महाड

दोन खोल्यांना कुलूप. खाली कापडाचं दुकान. दुकानदार म्हणाला, मॅडम पाचाडला कॅम्पला गेल्यात, उद्या दुपारी येतील, पण गायकवाड जेवून येईल आता. त्याचं 'आता' पाच वाजता झालं.

गायकवाड म्हणजे तुकडे कापणारा माणूस. चाळिशीचा, बारीक, बोलायला गोड. त्यानं आत घेतलं. मला वाटलं होतं बाटल्या असतील, वास असेल. वास होता, पण मेणाचा. कपाटात लाकडाचे छोटे ठोकळे, ओळीनं, प्रत्येकावर मेणाचा गोळा आणि पेन्सिलीनं आकडा.

"हे काय?"

"हेच ते, आबा. तुकडा सुकवून मेणात घालतो. मेण लाकडावर बसवतो. मग यंत्रावर काप काढायचे, केसापेक्षा पातळ. काचेवर घेऊन रंगवायचे आणि दुर्बिणीखाली बघायचं. वर कॅमेरा लावला की फोटो."

मी एक ठोकळा उचलला. लाकूड कसलं ते बघायला, दुसरं काय बघणार! पॅकिंगच्या खोक्याचं पाइन होतं, तेही आडवं कापलेलं. चाळीस वर्षं रंधा मारलाय, एवढं हाताला कळतं.

"ह्यात आमची कुठली?"

"नंबर किती?"

"बायकोला नंबर नसतो."

गायकवाड हसला नाही, हे बरं केलं. वही काढली, वाडीचं नाव बघितलं, नाव सापडलं. पण कपाटातनं काही बाहेर द्यायचं तर मॅडमची सही पाहिजे. मी म्हटलं, दाखव तरी. तो म्हणाला, दाखवलं तर तुम्ही घेऊन पळाल. हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं.

मुक्कामाला त्याच्याच घरी गेलो. दुसरीकडं जायला ओळख नव्हती. तळ्याकडच्या वस्तीत दोन खोल्या, लख्ख. त्याच्या बायकोनं भात वाढला आणि सुकटीचं कालवण. ताटावर बसताना मी जरा मागंपुढं बघितलं, खोटं कशाला लिहू. गायकवाडनं ते बघितलं. म्हणाला, "आबा, कोपऱ्यावर खानावळ हाय. सोडू का तिथं?"

"वाढ गप," मी म्हटलं.

कालवण अनशीपेक्षा तिखट होतं. दोनदा घेतलं.

पाचाड

मॅडमची दुपारपर्यंत वाट बघायला धीर नव्हता, मीच निघालो. सकाळची पाचाड गाडी रायगड बघायला निघालेल्या कॉलेजच्या पोरांनी भरलेली. पूर्ण रस्ता घोषणा. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, या वयात गड चढणार?" म्हटलं, "तू तिकीट दे."

कॅम्प शाळेत होता. तीस-चाळीस बायका ओट्यावर बसलेल्या आणि खिडकीत टेबलावर दुर्बीण. वीज नव्हती. खाली छोटा आरसा असतो, तो उन्हाकडं फिरवला की काम होतं. मॅडम एकेका बाईचं तोंड तपासत आणि मग तिला दुर्बिणीतनं बघायला लावत, मशेरीनं काय होतं ते कळावं म्हणून. बायका बघायच्या आणि म्हणायच्या, "गो बाय, काय नक्षी! असं लुगडं मिळालं पायजे." दुसरी म्हणे, "गुलाबी बघ गो, नि मधी जांभळे टिपके." एक म्हातारी बघून झाल्यावर पायरीवर बसली, कनवटीची डबी काढली आणि मशेरी लावायला लागली. मॅडमनं कपाळाला हात लावला.

मी पुढं झालो. नाव सांगितलं, वाडी सांगितली. मॅडमनं हातातला चिमटा खाली ठेवला. या नसीम मॅडम महाडच्याच, वडील आखातात कामाला होते, पुण्याला शिकल्या. पस्तिशीच्या असतील.

"अनसूयाकाकींचे यजमान? त्यांनी मला फणसाचे गरे बांधून दिले होते."

"तिनं तुम्हांला फणस दिला, तुम्ही तिचा गाल घेतलात. तो न्यायला आलोय."

माझं बोलणं असंच आहे. मॅडम म्हणाल्या, "आबा, त्या दिवशी मी त्यांना सगळं समजावून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घेतेस तर मोठा घे, म्हणजे परत यायला नको."

हे वाक्य अनशीचंच. खोटं रचून कुणाला जमणार नाही. मला राग आला. मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"आता ह्या दुर्बिणीत कोण हाय?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "त्याच आहेत."

म्हणजे आख्ख्या पाचाडातल्या बायका माझ्या बायकोचा गाल बघून लुगड्याची नक्षी ठरवत होत्या! मी काय काय बोललो ते अंकात छापण्यासारखं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा बघा. मग न्यायचं का ते बोलू."

एक डोळा मिटून बघायचं असतं. ते मला येतं, फळी सरळ आहे का ते तसंच बघतात. आधी पापणीच दिसली. मग उजेड आला. डावीकडं गुलाबी, एकावर एक थर, नीट रचलेली कौलं जशी. उजवीकडं सगळं विस्कटलेलं, दाटीवाटी, जांभळे ठिपके मोठे-लहान, कसेही. मधे कौलं हळूहळू घसरत गेलेली.

"डावीकडं चांगली कातडी," मॅडम सांगत होत्या. "उजवीकडं रोग. आणि मधे जिथं चांगल्याचं वाईट होतं, ती जागा. तिन्ही एकाच तुकड्यात. माझ्याकडे साडेतीनशे ठोकळे आहेत, असा दुसरा नाही. रोग नेमका कसा वळतो तेच मला दाखवायचंय."

"इथं कळलं असतं तर?"

"इथं कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या."

मी परत डोळा लावला. मला दुसरंच दिसत होतं. कौलांवरनं, विस्कटलेल्यातनं, सगळ्यातनं एक सरळ रेघ गेलेली, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. तिच्या शेजारी दुसरी बारीक.

"ही रेघ रोगाची का?"

मॅडम एकदम वैतागून बोलल्या, पहिल्यांदाच. "ती रेघच तर नको आहे! प्रत्येक कापात येते. तीनदा फोटो पुण्याला पाठवले, तीनदा परत आले. त्यांना फोटोत वळणाची जागा स्वच्छ हवी, आणि रेघ नेमकी तिथूनच जाते. आता ठोकळ्यात चार-पाच काप निघतील एवढंच उरलंय. ते मी तुम्हांला कसं देऊ?"

"रोगाची नाय तर मग पात्याची. तुमच्या पात्याला खोच हाय."

"काय?"

"रंध्याच्या पात्याला बारीक खोच पडली की फळीवर अशीच रेघ उठते. दुसऱ्या फळीवर त्याच जागी परत. फळी बदलून काय होणार? पातं बघा."

"गायकवाड रोज धार लावतात."

"दगड बघू त्याचा," मी म्हटलं.

पिठलं-भाकरी खाऊन जीपनं खाली आलो. पिठलं फार पातळ होतं. वाटेत ठरलं ते असं: मी पातं नीट करायचं, चार काप निघतील, फोटो होईल, मग उरलेलं माझं. रस्ताभर मी स्वतःला शिव्या देत होतो. आलो होतो अनशीला सोडवायला, आणि तिला कापायच्या पात्याला धार लावायला निघालो होतो.

परत महाड

दगड बघितला आणि गायकवाडला झापला. मधोमध खोलगट, मसाल्याचा पाटा झिजतो तसा. असल्या दगडावर रोज धार लावणं म्हणजे रोज धार घालवणं.

"बारा वर्षं असंच करतोय, आबा."

"बारा वर्षं चुकतोयस मग."

शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून आधी दगडच घासला, सपाट होईपर्यंत. मग पातं. वीतभर लांब, जड, पोलाद एक नंबर. असं पातं मला जन्मात मिळालं नाही. नखावरनं फिरवलं तर दोन ठिकाणी अडलं. तेल घालून, एक बाजू, दुसरी बाजू, मोजून, न दाबता. शेवटी चामड्यावर फिरवावं लागतं. गायकवाडचा चामड्याचा पट्टा फाटला होता, नवा आणलेला नव्हता. मी म्हटलं, कमरेचा काढ. त्यानं काढला, आणि पुढचा अर्धा तास एका हातानं पँट धरून उभा राहिला. तेवढ्यात मॅडम आत आल्या, बघितलं, तशाच बाहेर गेल्या. नखावर पातं अडायचं थांबलं, तेव्हा दिवस बुडाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गायकवाडनं मासळी बाजारातनं बर्फ आणला. मेण गार असलं की काप चांगला येतो. अनशीचा ठोकळा बर्फावर ठेवला. मी बघत होतो. बांगड्याचा वास येत होता त्या बर्फाला. बोललो काही नाही, कारण तिला बांगडा आवडायचा.

गायकवाडनं ठोकळा यंत्रात आवळला आणि चाक फिरवायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "आबा, बाहेर थांबता?"

"फिरव."

चाक फिरलं. पात्यावरनं फीत निघाली, कापाला काप चिकटलेला, रंध्यातनं साल निघते तशी, पण इतकी पातळ की श्वासानं हलत होती. मी श्वास धरला. कोमट पाण्यावर फीत सोडली तशी ती आपोआप पसरली, सुरकुत्या गेल्या. खालनं काच घालून अलगद उचलली. चार म्हणता सहा काप निघाले. गायकवाड म्हणाला, "लोण्यासारखं कापतंय!" त्याला आनंद झाला होता. मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. हात चांगलं काम केल्याबद्दल खूश होते. बाकीचा मी नव्हतो.

वाळवण, रंगवणं, यात बारा वाजले. मॅडमनी काच लावली आणि बघितलं. मग कॅमेऱ्याची कळ दाबत सुटल्या, अख्खा रोल संपवला. मला बोलावलं. तीच कौलं, तीच घसरण. रेघ नव्हती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, आबा."

मग माझा ठोकळा दिला. मेणात एक करडा ठिपका उरला होता. वहीत लिहिलं, मी सही केली. मॅडम म्हणाल्या, "खरं तर आता यातून काप निघत नाही. एवढंसं उरलं की आम्ही टाकूनच देतो."

"टाकूनच देता? मग तीन दिवस मला नाचवलात कशाला!"

"कालपर्यंत त्यात सहा काप होते," त्या म्हणाल्या. मी ठोकळा खिशात घातला. निघताना त्या खाली दारापर्यंत आल्या.

सावित्रीचं पाणी अजून गढूळ होतं. घाटाच्या पायऱ्यांवर दोघीजणी धुणं धूत होत्या, त्यांना म्हटलं, जरा सरका. टोपी काढली, नाव घेतलं, ठोकळा सोडला.

तरंगला! मेण तरंगतं, पाइन तरंगतं, हे मला, सुताराला, घाटावर उभा राहीपर्यंत सुचलं नाही. काठाला पाणी गोल फिरतं. ठोकळा हातभर गेला, फिरला आणि परत पायरीला येऊन टकटक करायला लागला. ढकलला, परत आला. धोतर खोचून कमरेपर्यंत गेलो आणि लांब फेकला. तो सावकाश, ऐटीत, परत. धुणंवाली म्हणाली, "बाबा, दगड बांधा."

अनशीला दगड बांधायचा! मी ठोकळा उचलला आणि ओल्या धोतरानं वर रस्त्यावर आलो. पुलाजवळ एका चाचाची चहाची टपरी. म्हटलं, "एक ग्लास पाणी दे. उकळतं."

"औषध घ्यायचंय?"

"नाय. बायको सोडायचीय."

तो माझ्याकडं आणि ठोकळ्याकडं बघत राहिला. एक ग्लास घेतला, तो स्वच्छ असूनही परत विसळला, आणि किटलीतलं पाणी काठोकाठ ओतलं. मी खिशातल्या चाकूनं मेण लाकडावरनं सोडवून आत टाकलं. ते पांढऱ्याचं पारदर्शक झालं, वर तेलासारखं पसरलं. करडा ठिपका सुटला. मधेच अडकला, खाली जाईना, वर येईना. चाचा आणि मी दोघं वाकून बघत होतो. गिऱ्हाईक ओरडलं, "चाचा, दोन कटिंग!" चाचा म्हणाला, "ठैर जा रे."

मग तो ठिपका सावकाश तळाला जाऊन बसला. तिळाएवढा. काचेशिवाय, रंगाशिवाय, मी तिला तेवढीच बघितली.

फडक्यात ग्लास धरून पायऱ्या उतरलो आणि ओतला. मेणाची साय तरंगत गेली. तीळ दिसलाच नाही, पाण्यात मिसळून गेला. धुणंवाल्या आपणहून थांबल्या होत्या. मी ग्लास नदीत विसळला, चाचाला नेऊन दिला. त्यानं चहा पुढं केला, तो घेतला.

स्टँडवर पोलादपूर गाडी लागली होती. आत जागा होती. कंडक्टर म्हणाला, "चला बाबा, सोडतोय."

"जा तू," मी म्हटलं. तीन दिवस मला घाई होती. आता कसली नव्हती. ती गाडी जाऊ दिली आणि पुढचीही जाऊ दिली. धोतर अंगावरच वाळलं.